नांगरटीआधी कूलंट बदला, आणि बाहेर आलेलं लिटरवर मोजा

रान मोकळं झालं की ट्रॅक्टर नांगराला लागतो, आणि इंजिनची खरी परीक्षा तिथेच होते. ओढ जबर, वेग बैलाच्या चालीचा, त्यामुळे समोरून वारा नाही आणि वरून ऊन. सगळी मदार पंख्यावर आणि रेडिएटरमधल्या कूलंटवर, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवावर. म्हणून कूलंट बदलायचं काम नांगर जोडायच्या आधीच उरका. हे घरी करता येतं. जीप किंवा पिकअप असेल तर तिलाही रीत हीच.

कूलंट दिसायला चांगलं असलं तरी आतून संपलेलं असू शकतं. त्यातलं ग्लायकॉल, म्हणजे मुख्य रसायन, टिकतं, पण गंज रोखणारी द्रव्यं हळूहळू खर्ची पडतात. साध्या जातीचं कूलंट साधारण 2 वर्षं चालतं, लाँग लाइफ जातीचं 5 वर्षांपर्यंत. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत तास दिले असतील तर जे आधी भरेल ते धरा. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग आहे, जात डब्यावर वाचायची. दोन जाती एकत्र झाल्या तर गोळे धरून बारीक नळ्या तुंबू शकतात.

ट्रॅक्टर आदल्या संध्याकाळी उभा करा आणि सकाळी कामाला हात घाला. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी असतं. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, खाली पसरट घमेलं ठेवा, रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक सोडा. इंजिन ब्लॉकच्या बाजूला वेगळा ड्रेन प्लग असेल तर तोही काढा. बाहेर येणाऱ्या धारेकडे नीट बघा. तांबूस, गढूळ पाणी म्हणजे गंज. वर तेलाची साय तरंगत असेल किंवा इंजिन ऑइलची पट्टी काढल्यावर तेल दुधासारखं दिसलं, तर तिथेच थांबा. हेड गास्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) किंवा ऑइल कूलर गेलेला असण्याची शक्यता मोठी. नवीन कूलंट ओतून तो दोष झाकू नका.

घमेलं तसंच टाकून चहाला जाऊ नका. कूलंट गोड लागतं. कुत्रं, वासरू, लहान मूल ते तोंडाला लावतं, आणि एथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. लगेच कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि वर नाव लिहा. रानात, नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका; वापरलेलं कूलंट घेणाऱ्या वर्कशॉपला द्या.

आता धुणं. कॉक बंद करून स्वच्छ पाणी भरा आणि इंजिन चालू ठेवा, वरचा होज पाइप तापेपर्यंत. तो तापला म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडला आणि पाणी सगळीकडे फिरलं. केबिनला हीटर असेल तर तोही चालू ठेवा. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि सोडा. धार नितळ येईपर्यंत दोन-तीनदा असंच करा. ॲसिड अजिबात वापरू नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं करा आणि त्या वेळी बाहेर आलेलं पाणी लिटरवर मोजा. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी मोलाची, आणि नेमकी हीच वगळली जाते. रेडिएटर रिकामा झाला म्हणजे इंजिन रिकामं झालं असं नाही. समजा पुस्तिकेत एकूण क्षमता 12 लिटर आहे आणि बाहेर 8 लिटरच आलं. म्हणजे 4 लिटर पाणी ब्लॉकमध्ये बसून आहे. वरून निम्मं कूलंट-निम्मं पाणी असं तयार मिश्रण 8 लिटर ओतलं, तर आतलं प्रमाण 50 टक्के न राहता 33 वर येतं. त्याऐवजी आधी 6 लिटर शुद्ध कूलंट ओता, मग 2 लिटर डिस्टिल्ड पाणी. हिशेब बरोबर बसतो. जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा, हाही गैरसमज. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.

बोअरचं पाणी मात्र नको. एक हंगाम मी तेच भरत राहिलो. पुढे खालचा पाइप काढला तर आत बोट फिरवल्यावर खरखरीत पांढरा थर लागला, चहाच्या भांड्याला बसतो तसा. तोच थर सिलिंडरभोवती बसला की उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय डिझेल इंजिनात वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) असतील तर ते चालताना थरथरतात, त्यांना लागून बारीक बुडबुडे फुटतात आणि लायनरला टोचे पडतात. चांगल्या कूलंटमधली द्रव्यं तिथे आवरण धरतात. साध्या पाण्याला ते जमत नाही.

भरताना घाई नको. बारीक धारेनं ओता, वरचा पाइप मधूनमधून दाबत राहा, म्हणजे अडकलेली हवा वर येते. झाकण उघडं ठेवून इंजिन थंडपणीच चालू करा, हळू फिरू द्या. पातळी उतरेल तसं भरत जा. पाइप तापायला लागला की झाकण लावा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच नवीन घ्या. दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळतं.

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, डिझेल जास्त जातं, झीज वाढते, आणि मूळ दोष तसाच राहतो.

हात लागलाच आहे तर रेडिएटरची जाळी पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं हलक्या पाण्यानं धुवा. भुसा समोरून आत गेलेला असतो, तो तसाच परत निघतो. पहिल्या दिवशी तासभर नांगरल्यावर ट्रॅक्टर थांबवा, पाइपांचे क्लॅम्प आणि ड्रेन कॉक कुठे पाझरतात का बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी परत तपासा. अडकलेली हवा निघाली की ती हमखास थोडी उतरते.