पॅरा एस.एफ.ची तयारी : घाईतून होणाऱ्या या चुका टाळा

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतली जी मुले पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये (एस.एफ., म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या सैन्याच्या कमांडो तुकड्यांत) जायचे म्हणून पहाटे मैदानावर येतात, त्यांच्या जिद्दीबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. परंतु त्याच त्या चुका दर वर्षी नव्या मुलांकडून होताना पाहून आता त्या लिहून काढणे भाग आहे.

पहिली चूक माहितीची आहे. नागरिकासाठी ‘थेट कमांडो भरती’ अशी वेगळी जाहिरात निघत नाही. जाहिरात निघते ती अग्निवीराची. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे सर्वसाधारण शिपायाच्या कामासाठी, वय किमान साडेसतरा वर्षे, दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 टक्के, तसेच महाराष्ट्रातल्या उमेदवाराची उंची 168 सेंटिमीटर, या अटी आहेत. 2023 पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला आहे, तरीही अर्धी मुले अजून पुस्तकाला हात न लावता पळतच आहेत. जळगावच्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या आणि धुळे-नंदुरबारच्या मुलांनी मुंबईच्या सैन्यभरती कार्यालयाची अधिसूचना वाचावी. सैन्यात गेल्यावर स्वेच्छेने नाव द्यायचे, प्रोबेशनमध्ये, म्हणजे निवडीच्या खडतर चाचणीकाळात, टिकायचे आणि आग्र्याला पॅराशूटच्या उड्या पूर्ण करायच्या, असा तो रस्ता आहे. दुसऱ्या रेजिमेंटमधून आलेला जवान प्रोबेशनमध्ये टिकला नाही, तर आपल्या मूळ युनिटात परत जातो. त्यामुळे ‘कमांडोत लावून देतो’ म्हणणाऱ्याला शेत गहाण ठेवून पैसे देणे हे शुद्ध नुकसान आहे.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त जाळते, ती म्हणजे पहिल्याच महिन्यात पाठीवर वजन घेऊन धावणे. चोपडा तालुक्यातला एक मुलगा 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत सहज काढत असे आणि बीमवरही त्याचे दहा पुलअप पुरे होत, म्हणजे मैदानी चाचणीतले 60 आणि 40 असे पूर्ण गुण त्याच्या आवाक्यात होते. मोबाइलवर कमांडोंचे व्हिडिओ पाहून त्याने शाळेच्या दप्तरात विटा भरल्या आणि डांबरी रस्त्यावर धावायला सुरुवात केली. नडगी दुखू लागली, तेव्हा घरी तेल चोळले आणि गावात वेदनाशामक इंजेक्शन घेतले. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही म्हणून तो पुन्हा धावला. हाडाला ताणामुळे पडलेली बारीक भेग सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. भरतीच्या दिवशी दुसऱ्या फेरीत तो लंगडत ट्रॅकबाहेर आला आणि तिथेच खाली बसला. इतक्या गुणी मुलाचे वर्ष एका दप्तराने खाल्ले, याचे दुःख मला आजही होते.

नडगीच्या आतल्या कडेने अंगठा दाबत वरून खाली यावे. दुखणे लांबवर पसरलेले असेल तर विश्रांतीने बहुधा उतरते. परंतु अंगठ्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. माझ्याकडच्या मुलांना मी आधी काही महिने शेतवाटेवर बिनवजनी पळवतो. त्यानंतर पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, वाळूच्या लहान पुड्या घालतो, कारण विटेचा कोपरा पाठीत रुततो आणि वीट थोडीथोडी वाढवता येत नाही. वजन खांद्यांच्या फऱ्यांजवळ, पट्टे आवळलेले, आणि फक्त चालणे. वजन घेऊन पळण्याची वेळ सैन्यात येणारच आहे, त्याची घाई घरी करू नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा दुपारी पळून अंग पोलादी होते, ही समजूत जीवघेणी आहे. धावताना मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला, तर त्याला सावलीत आडवे करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आम्ही उजाडण्यापूर्वी धावतो आणि ऊन तापायच्या आत घरी असतो.

भरतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी कानातला मळ डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यावा. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नावाचे स्पेलिंग एकच असावे. हौसेने गोंदवून घेऊ नये. आदिवासी समाजातल्या मुलांना परंपरेच्या गोंदणाची सवलत आहे, त्यामुळे पावरा-भिल्ल मुलांनी त्यासाठी घाबरू नये. भरतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत. पावडरींच्या डब्यांवर पैसे घालवण्यापेक्षा कळण्याची भाकरी, डाळ, अंडी आणि दूध पोटभर घ्यावे.

शेवटची चूक मुलांना चूक वाटतच नाही. एस.एफ.च्या कामाचा मोठा भाग शत्रूच्या हद्दीत शिरून टेहळणी करण्याचा आहे, म्हणजे तासन्‌तास न हलता पाहायचे, लक्षात ठेवायचे आणि नेमके सांगायचे. दंडाचा घेर मोजणारी मुले याची तयारी कधीच करत नाहीत. मी त्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याच्या काठावर बसवतो, मोबाइल काढून घेतो आणि समोरची पायवाट पाहायला लावतो. परत आल्यावर कोरा कागद द्यायचा आणि विचारायचे : पाणी कोणत्या बाजूला वाहत होते, गुरे कुठून उतरली, मोटारसायकलवर किती माणसे होती, सूर्य कोणत्या खांद्यावर होता? जोरात पळणारी मुले इथे बहुधा चुळबुळ करतात आणि कागद अर्धा रिकामा ठेवतात. अशा मुलाला मी दुसऱ्या दिवशी धावायला न लावता पुन्हा त्याच जागी बसवतो, आणि कागद भरेपर्यंत त्याच्या पिठ्ठूत वाळूची पहिली पुडी पडत नाही.