पेशींच्या आकड्यामागे धावू नका: डेंग्यूच्या तापात या चुका टाळा

पोळा झाला की आमच्या लॅबच्या खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न येतो. "पेशी किती निघाल्या जी भाऊ?" ताप कितवा दिवस, लघवी होते का, पोट दुखतं का, हे कुणी सांगत नाही. रिपोर्ट हातात पडला की बोट थेट प्लेटलेटच्या ओळीवर जातं. आकडा लाखाच्या खाली दिसला की रडारड सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी इतकी वर्षं रक्त तपासतो आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. डेंग्यूत बहुतेक जीव पेशी कमी झाल्याने जात नाहीत, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून गेल्याने जातात. ते झिरपणं रिपोर्टमध्ये दुसऱ्याच, हिमॅटोक्रिटच्या ओळीत दिसतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

पेशी कमी होतात म्हणजे नक्की काय होतं

आधी नावाची गल्लत. गावात प्लेटलेटला सर्रास "पांढऱ्या पेशी" म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या जंतूंशी लढतात. प्लेटलेट म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका, जखमेवर गुठळी धरणाऱ्या. डेंग्यूत दोन्ही कमी होतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

पण खरं सांगायचं तर ही कामाची वाटणीही पुस्तकातच नीट राहते. विषाणू शिरला की रक्त गोठवणारी यंत्रणाही लढाईत उतरते. प्लेटलेटच्या अंगावर जंतू ओळखणाऱ्या खुणा असतात, त्या पांढऱ्या पेशींना चिकटून त्यांना चेतवतात. काही पांढऱ्या पेशी स्वतःच्याच डीएनएचे धागे बाहेर फेकून जाळं विणतात. हे 2004 मध्ये उजेडात आलं. त्या जाळ्यावर गुठळी धरते आणि जंतू तिथेच अडकतो. ही शरीराची जुनी आणि कामाची युक्ती आहे, पण आवरली नाही तर उलटते. कोरोनात ती अति झाली आणि फुप्फुसांत गुठळ्या झाल्या.

डेंग्यूत पारडं दुसरीकडे झुकतं. सुरुवातीच्या दिवसांत अस्थिमज्जेतलं, म्हणजे हाडांच्या आतल्या गाभ्यातलं, प्लेटलेटचं उत्पादन मंदावतं. ज्या प्लेटलेट रक्तात आहेत त्या लढाईत खर्ची पडतात, आणि विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं चिकटल्यामुळे काही प्लेटलेट शरीर स्वतःच काढून टाकतं. त्याच वेळी विषाणूचं एनएस1 नावाचं प्रथिन आणि प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायनं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल करतात. एकदा डेंग्यू होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचा डेंग्यू झाला, तर जुनी प्रतिपिंडं कधी कधी विषाणूलाच पेशीत शिरायला मदत करतात. विषाणूचे प्रकार चार आहेत. म्हणून "मले मागच्या साली होऊन गेला, आता काही होत नाही" असं म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एक तरुण चार दिवस तापाने फणफणला होता. पाचव्या दिवशी अंग थंड पडलं. घरच्यांनी देवासमोर नारळ फोडला आणि तो कपाशीवर फवारणीला जायला निघाला. संध्याकाळी त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा हातपाय गार, पोट दुखतंय, सकाळपासून लघवी नाही. प्लेटलेट होत्या 62 हजार, म्हणजे फार भीतीदायक नाहीत. पण हिमॅटोक्रिट 51 होतं आणि दोन दिवसांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये तेच 41. तो वाचला, कारण त्याच्या बहिणीने जुना रिपोर्ट पिशवीत जपून ठेवला होता.

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा शेकडा किती. रक्तातलं पाणी बाहेर झिरपलं की उरलेलं रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. पहिल्या आकड्यापेक्षा तो एक पंचमांशाने वाढला, म्हणजे 38 चा 46 झाला, तर झिरपणं मोठं आहे असं समजा. हे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच होतं आणि एक-दोन दिवस चालतं. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांतला रिपोर्ट फेकू नका, तोच पुढचं माप आहे.

रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठायच्या खुणा अशा: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, चार-सहा तास लघवी नाही, हातपाय गार, माणूस सुस्त किंवा उगाच अस्वस्थ. बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर 20 किंवा त्याहून कमी उरलं, जसं 100 वर 85, तर वेळ अजिबात दवडू नका. 108 ला फोन करा.

अंगदुखीची गोळी आणि कमरेत सुई

हाडं मोडल्यासारखी दुखतात, म्हणून माणूस दुकानातून मिळेल ती गोळी घेतो. अ‍ॅस्पिरिन इथे विशेष घातक. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने बंद पाडलेलं विकर (एन्झाइम) ती पुन्हा बनवू शकत नाही. म्हणजे ती प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यभर, आठ-दहा दिवसांपर्यंत, अर्धवट निकामी. आधीच पेशी कमी, त्यात उरलेल्याही लंगड्या. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकचा परिणाम तात्पुरता असतो, पण पोटात रक्तस्राव त्यांच्यानेही होतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. जास्त घेतलं तर यकृत दुखावतं आणि डेंग्यूत ते आधीच सुजलेलं असतं.

स्नायूत सुई घ्यायचा हट्टही सोडा. त्या जागी रक्त साकळतं. आणि कोरोनाच्या काळातली रक्त पातळ करायची उरलेली पाकिटं कुणाच्या कपाटात असतील, तर "तापात गुठळ्या होतात" असं ऐकून ती या तापात घेऊ नका. हृदयविकारासाठी ज्यांना ही औषधं रोज चालू आहेत, त्यांनी मात्र ती आपल्या मनाने बंदही करू नयेत. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दोन लॅबचे दोन आकडे

सकाळी एकीकडे 40 हजार, दुपारी दुसरीकडे 85 हजार. लोक म्हणतात, एक लॅब खोटी. बहुतेकदा तसं नसतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर बारीक गुठळ्या होतात आणि त्यांत अडकलेल्या प्लेटलेट यंत्र मोजत नाही. काहींच्या प्लेटलेट त्या औषधामुळेच एकमेकींना चिकटतात. आकडा आणि माणूस जुळत नसतील, तर काचेवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. तुमचा तो हक्क आहे, आणि आम्हालाही ते करायलाच हवं.

प्लेटलेटच्या पिशवीसाठी पळापळ

आकडा 30 हजार दिसला की गाडी करून नागपूर, दहा जणांना फोन, उसने पैसे. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा याची गरज नसते. रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली गेल्यावरच पिशवीचा विचार होतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंगापूर आणि मलेशियातल्या अभ्यासात 20 हजार किंवा त्याहून कमी पेशी असलेल्या 372 प्रौढांपैकी निम्म्यांना आगाऊ प्लेटलेट दिल्या. त्यांचा रक्तस्राव कमी झाला नाही, उलट त्रास जास्त झाले. शरीरातली ओढाताण चालू असताना दिलेल्या प्लेटलेटही तशाच खर्च होतात. ती थांबली की आकडा आपोआप चढतो.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज विचारतात. त्याने आकडा थोडा लवकर चढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं, पण झिरपणं किंवा मृत्यू टळल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि कडू रसाने उलट्या झाल्या तर अंगातलं पाणीच जातं. बीटचा रसही नको, त्याने उलटी लाल झाली तर रक्त आहे की रस हे कळत नाही. पेज, ताक, नारळपाणी, एक लिटर पाण्यात एक पुडी ओआरएस, हे चालतं.

बरं वाटायला लागल्यावर "आणखी एक बाटली चढवा" हा आग्रह टाळा. त्या दिवसांत झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं. वरून सलाईन दिलं तर ते फुप्फुसांत साचून धाप लागते.

शेवटची चूक तपासणीची. विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत कामाची, त्यानंतर आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांची. आणि पेशी कमी म्हणजे डेंग्यूच, असंही नाही. गडचिरोलीकडे मलेरियात त्या कमी होतात, आणि 2018 च्या पावसाळ्यात नागपूरच्या आसपास स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले होते. तो बारीक किड्याच्या चावण्याने होतो आणि डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण वेळेत ओळखला तरच. निंदणाला किंवा गवत कापायला गेलेल्या बाईला ताप असेल, तर काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली भाजल्यासारखी काळी खपली आहे का, ते घरातल्या बाईने नीट बघावं आणि दिसली तर डॉक्टरांना न लाजता दाखवावी.