जुन्या कॉम्प्युटरचा डेटा नव्यावर नेताना काय काय अडतं आणि तेव्हा काय करायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ओळखीत जो तो नवा लॅपटॉप घेतोय, कारण जुन्या मशीनवर विंडोज ११ चढतच नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. माझ्या मामांचा तर विंडोज ७ वाला डेस्कटॉप होता. मामांचं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, देवळाचे अहवाल, भजनी मंडळाची पुस्तकं, सगळं त्यात. ते हलवायला दोन दिवस लागले आणि जिथे जिथे अडलं ते सगळं इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक सांगतो, आणि हे खरंच मनावर घ्या. नव्या मशीनवर फाइली उघडून बघेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करायची नाही, कोणाला एक्स्चेंजमध्ये द्यायची नाही. मामांच्या शेजाऱ्यांनी दुकानात "डेटा घेतला ना?" विचारलं, "घेतला" म्हणाले, घरी येऊन बघतात तर फक्त डॉक्युमेंट्सचा फोल्डर आलेला आणि डेस्कटॉपवरचं सगळं गेलेलं, मुलीच्या बारशाचे फोटोसुद्धा. ते अजून हळहळतात.

आता कॉपी. पेन ड्राइव्हवर मोठा व्हिडिओ टाकताना "फाइल टू लार्ज" असा मेसेज आला तर जागा कमी आहे असं नाही, ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, झालं काम. स्पीड फारच कमी येत असेल तर मशीनच्या मागे निळा पोर्ट आहे का बघा, तो बहुतेक यूएसबी ३ चा असतो. यूएसबी २ ला प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपासच मिळतात, म्हणजे २०० जीबीला दोन तास धरून चाला, आणि हजारो छोटे छोटे फोटो असतील तर त्याहून जास्त, मशीन हँग झालंय असं समजून मध्येच बंद करू नका.

ड्रॅग करून टाकताना एखाद्या फाइलपाशी गाडी अडकते आणि मग कुठपर्यंत कॉपी झालं तेच कळत नाही. अशा वेळी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड वापरा, पुन्हा चालवली तर आधी झालेलं सोडून पुढचं घेते. फक्त वाचता न येणारी फाइल आली की ही कमांड, काही वेगळं सांगितलं नाही तर, १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत बसते, म्हणून कमांडमध्ये आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन स्विच १ वर ठेवायचे. "सायक्लिक रिडंडन्सी चेक" असा एरर आला तर डिस्कचा तो भाग खराब झालाय असं समजा आणि जे सगळ्यात मोलाचं आहे ते आधी काढून घ्या. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका, त्यात उरलंसुरलं पण जातं.

मराठी नावाच्या फाइलींची एक वेगळीच भानगड आहे. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपर्यंत चालतो आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. नुसत्या "श्री" ची चार अक्षरं होतात! मामांच्या फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि नाव "श्री हनुमान जयंती उत्सव वार्षिक अहवाल अंतिम दुरुस्त", त्यामुळे "नाव फार लांब" म्हणून कॉपी नाकारत होतं. वरच्या फोल्डरांची नावं छोटी केली की जातं.

जुनं मशीन चालूच होत नसेल तर डिस्क काढून साटा टू यूएसबी अ‍ॅडाप्टरने नव्याला जोडा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर अ‍ॅडाप्टर लागतो, लॅपटॉपच्या छोटीला नाही. युजरचा फोल्डर "परमिशन नाही" म्हणाला तर कंटिन्यू दाबा, तरीही नाही झालं तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये जाऊन ओनर बदला, पण तेवढ्याच फोल्डरचा, अख्ख्या ड्राइव्हचा नको. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, म्हणून त्या अकाउंटचा पासवर्ड आधीच शोधून ठेवा.

आणि आता फॉन्ट, कारण मराठी माणसाचं खरं इथेच अडतं. फाइली सगळ्या आल्या, साइज जुळली, मामांनी आनंदाने एक जुनी पत्रिका उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा काला! मामांचा चेहराच पडला. फाइल खराब झालेली नव्हती. कृतीदेव, सुरेख, श्रीलिपी हे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नाहीत, आतमध्ये इंग्रजीचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. कृतीदेवमध्ये "मराठी" लिहिलं की आत इ, जे, के, मोठा बी, एच एवढंच असतं, फॉन्ट नसेल तर तेच दिसणार.

उपाय सोपा आहे, पण जुनं मशीन हाताशी असेल तरच. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट कॉपी करा, नव्यावर राइट क्लिक करून सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल करा, वर्ड बंद करून परत उघडा. मामांच्या स्क्रीनवर श्रीगणेशाची ओळ पहिल्यासारखी उमटली तेव्हा मलाच बरं वाटलं. पेजमेकरच्या (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइलींसाठी मात्र जुनं मशीन चालू आहे तोवरच महत्त्वाच्या सगळ्यांची फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच बसवलेली, पीडीएफ काढून ठेवा. युनिकोडमध्ये बदलायचं असेल तर कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि "ऱ्ह", "ऱ्य" ची अक्षरं डोळ्याने तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. नवं टायपिंग सरळ युनिकोडमध्येच करा, विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो.

टॅली असेल तर डेटाचा फोल्डर आणा आणि जुन्या मशीनवरून लायसन्स सरेंडर करायला विसरू नका. नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपणहून इंटरनेटवर चढवायला लागतं, फुकटची जागा ५ जीबीच, मग "स्टोरेज फुल" ची नोटिफिकेशन सुरू होतात, तो बॅकअप सेटिंगमधून बंद करा.

शेवटी तपासणी. दोन्हीकडे फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि फाइलींची संख्या व "साइज" जुळवा, "साइज ऑन डिस्क" नाही, तो आकडा वेगळा येऊ शकतो. मग प्रत्येक प्रकारची एकेक फाइल उघडायची, एक फोटो, एक एक्सेल, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक जुनी मराठी फाइल. मामांची जुनी डिस्क मी तारीख लिहून कपाटात ठेवलीय, निदान दिवाळीपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही असं मामींनाही सांगून आलोय.