सर्व्हिसिंग झालं आणि इंजिन वाजायला लागलं: जुन्या ट्रकच्या मालकांनो, या चुका टाळा

"शेठ, गाडी वाजतेय." सकाळी साडेसहाला ड्रायव्हरचा फोन. आदल्या दिवशीच गाडीचं काम करून आणलं होतं: ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप लावणं), आणि सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे सहाही नोझल पंपवाल्याकडे नेऊन, तपासून परत बसवलेले. गाडी जुनी टाटा १६१३. आळेफाट्याहून भाजीपाला भरून माळशेजमार्गे वाशीला जाणारी. गॅरेजला गेली तेव्हा इंजिन धड होतं, आली तेव्हा ठोक-ठोक.

दुपारपर्यंत तीन निदानं झाली. एक म्हणाला कनेक्टिंग बेअरिंग गेलं, दुसरा म्हणाला पिस्टन लायनरला मारतोय, तिसऱ्याने जाड ऑइल टाकायला सांगितलं. ज्या गॅरेजमध्ये काम झालं होतं तिथून उत्तर आलं, "शेठ, इंजिन जुनंच होतं." संध्याकाळी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "काल कुठंकुठं हात लावला, तेवढं सांग. बाकीचं नको."

पहिली चूक: इंजिनवर संशय, हातावर नाही

बेअरिंग एका रात्रीत जात नाही असं नाही. पण काल सकाळपर्यंत गप्प असलेलं इंजिन नेमकं सर्व्हिसिंगनंतरच वाजायला लागलं, तर आधी बघायचं ते पाना जिथे लागला तिथे. जे काम शेवटी झालं ते पहिलं तपासायचं आणि तसंच उलट्या क्रमाने मागे जायचं. यासाठी कागदावर यादी हवी. "फुल सर्व्हिस केली" या तीन शब्दांत काहीच कळत नाही. फॅन बेल्ट ताणला का, एअर क्लीनर उघडला का, रॉकर कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं का, नोझलखालचे वायसर (तांब्याच्या चकत्या) बदलले का, हे एकेक विचारून घ्या. आणि जुने सुटे भाग गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

जाड ऑइल ओतणं

आवाज आला की जाड ऑइल, हा आपल्याकडचा घरगुती उपाय. त्याने ठोका दबतो, कारण तसाच राहतो, आणि थंड इंजिन सुरू करताना वरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) ऑइल पोचायला आणखी वेळ लागतो. आधी डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तोही दोषच आहे. क्रँक ऑइलमध्ये बुडून फिरतो, ऑइलला फेस येतो, आणि फेसाळ ऑइल पंपाने कितीही ढकललं तरी बेअरिंगला हवा तसा आधार मिळत नाही. डब्यावरही नजर टाका, ऑइल डिझेल इंजिनचंच आहे ना, आणि कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. बहुतेक जुन्या गाड्यांना १५ डब्ल्यू ४० चालतं.

नवा फिल्टर कोरडा बसवला असेल तर पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखड होते. फिल्टर भरला, ऑइल प्रेशर मीटरचा काटा वर आला की ती थांबायला हवी. दहा-पंधरा सेकंदांत काटा हलला नाही तर इंजिन लगेच बंद. "रेस दे, येईल प्रेशर" असं कुणी म्हणालं तर त्याला केबिनमधून खाली उतरवा. जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर रिंगसकट चढवला, असंही होतं. तिथून ऑइल आधी ठिबकतं आणि प्रेशर वाढलं की पिचकारीसारखं बाहेर येतं. खाली एकदा वाकून बघायला काय जातं!

टॅपेट: वाजतात म्हणून आवळणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून जरा सविस्तर.

आमचं इंजिन ६९७. आकड्यातच सगळं आहे: ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२८, म्हणून ५६७५ सीसी. (४०७ मधल्या ४९७ चाही तोच हिशेब, तिथे सिलिंडर चार.) फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४. टॅपेट लावायची जुनी रीत या क्रमावरच चालते. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले, म्हणजे एक्झॉस्ट मिटतोय आणि इनलेट उघडतोय, की एक नंबरचे टॅपेट लावायचे. जोड्या ठरलेल्या: १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. घाईत जोडी चुकली तर ज्या व्हॉल्व्हवर कॅमचा दाब आहे त्याचाच गॅप घेतला जातो. इंजिन फिरलं की तो टॅपेट एकदम सैल होतो आणि टकटक सुरू.

दुसरी गफलत लॉकनटची. गॅप मोजायची फिलर पट्टी आत, स्क्रू बरोबर, सगळं छान. मग लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर किंचित फिरतो आणि गॅप बदलतो. नट आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायलाच हवी. मी उभा राहून बघतो, मेस्त्रीला राग आला तरी.

तिसरी गोष्ट खास जुन्या इंजिनाची. रॉकरचं टोक व्हॉल्व्हवर आपटून-आपटून झिजतं, त्यात बशीसारखा खळगा पडतो. सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते. पट्टीला गॅप बरोबर लागतो, पण खरा गॅप खळग्याच्या खोलीइतका जास्त असतो. म्हणजे टॅपेट काटेकोर लावूनही वाजणार. मग मेस्त्री वैतागतो आणि आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळतो. आवाज जातो, ड्रायव्हर खूश. इकडे इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. व्हॉल्व्हची उष्णता जाते ती मुख्यतः सीटमधून. तो टेकलाच नाही तर कडा जळते, आधी एक्झॉस्टची. वाजणाऱ्या टॅपेटची मला फारशी भीती वाटत नाही. भीती गप्प बसवलेल्याची वाटते. खळगा असेल तर रॉकर घासून घ्या किंवा बदला. गॅप किती आणि थंड इंजिनवर की गरम, हे आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकातून घ्या, दुसऱ्याच्या गाडीवरून नको.

हवा घेतलेल्या गाडीला नॉकिंग समजणं

डिझेल फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. हवा पूर्ण काढली नाही तर गाडी मिसिंग करते, रेस आपोआप खाली-वर होते, मधेच कडक ठोका बसतो. हँड प्रायमर मारत फिल्टरवरच्या स्क्रूतून बुडबुडे बंद होईपर्यंत डिझेल येऊ द्या, मग पंपावरच्या स्क्रूतून. हवा काढूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर हवा कुठूनतरी ओढली जातेय. डिझेलचे पाइप जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे जुने, चेपलेले वायसरच पुन्हा वापरलेत का बघा. फीड पंपाच्या अलीकडची, म्हणजे डिझेल टाकीच्या बाजूची, गळती गंमतशीर असते: तिथून चालत्या गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे सगळं कोरडं दिसतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

कान जवळ न नेता निदान करणं

दहा फुटांवर उभं राहून "खालून येतोय" म्हणायला काही लागत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धातूवर, मूठ कानामागच्या हाडावर. रॉकर कव्हर, इंजेक्शन पंप, कॉम्प्रेसर, वॉटर पंप, फ्लायव्हील हाउसिंग, अशी फेरी मारा. गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा. फिरत्या फॅनला गमछा आणि माणूस यातला फरक कळत नाही.

ठोक्याची गती ऐका. आयडलला इंजिन साधारण ६०० फेऱ्या मारतं. एका टॅपेटचा किंवा एका नोझलचा ठोका दोन फेऱ्यांत एकदाच येतो, म्हणजे सेकंदाला पाच. फ्लायव्हील किंवा क्रँकच्या पुलीचं काही घासत असेल तर दर फेरीला, सेकंदाला दहा. पाचची टकटक आणि दहाची खडखड यातला फरक थोड्या सवयीने कळतो.

एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसर हमखास फसवतो. ब्रेकच्या हवेची टाकी रिकामी करून इंजिन चालू ठेवा. हवा भरताना आवाज आहे आणि टाकी भरून फुस्स झाल्यावर तो कमी झाला किंवा बदलला, तर इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेसर बघा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर रोख रिलीज बेअरिंगकडे किंवा गिअरबॉक्सकडे. चिरचिर असेल तर बेल्ट. सैल बेल्ट स्टार्टला किंचाळतो. फार ताणलेला वॉटर पंपाचं बेअरिंग खातो आणि एकसारखा घूं-घूं करत राहतो. टर्बोवाल्या गाडीत नवी शिट्टी आली असेल तर पाइपाचा क्लॅम्प ढिला.

एका चाचणीवर फैसला

आता आमच्या गाडीकडे. मामांनी इंजिन आयडलला ठेवलं आणि एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करत गेले. ज्या सिलिंडरचं डिझेल बंद होतं त्याचा ठोका पडतो. एक, दोन, तीन, काही फरक नाही. चारला ठोका जवळजवळ गायब.

(ही चाचणी फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल गाडीत चालत्या इंजिनाचा नट कधीही ढिला करू नका. तिथे डिझेल हजार बारच्या वरच्या दाबाने असतं, ती धार कातडी फोडून आत शिरते. जुन्या इंजिनावरही हात धारेसमोर नको आणि चष्मा लावा.)

इथेच दुपारी बेअरिंग सांगणाऱ्या मेस्त्रीची गल्लत झाली होती. त्यानेही चार नंबर कट करून बघितला होता, आवाज गेला आणि त्याने बेअरिंग जाहीर केलं. पण कट केल्यावर दोन्ही ठोके पडतात. बेअरिंग सैल असेल तरी, कारण पिस्टनवरचा दणका जातो, आणि नोझलच नीट जाळत नसेल तरी. या चाचणीने सिलिंडर कळतो, दोष कळत नाही.

मामांनी आधी ऑइल प्रेशर बघितलं. इंजिन पुरतं गरम करून आयडलला काटा नेहमीच्या जागी. बेअरिंगचा ठोका असता तर गरम झाल्यावर तो वाढला असता, प्रेशरही बहुधा पडलं असतं. उलट आमची गाडी थंडीत जास्त ठोकत होती आणि रेस दिली की काळा धूर. मग त्यांनी इंजिन बंद करून चारचा नोझल दोनला आणि दोनचा चारला बसवला. ठोका नोझलबरोबर दोनवर गेला तर दोष नोझलचा.

ठोका चारलाच राहिला.

माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे बेअरिंगच. इंजिनच्या तळाचा ऑइल सम्प काढायची भाषा मीच सुरू केली. मामा काही न बोलता पुन्हा चारचा नोझल काढून त्याच्या टोकाकडे बघत बसले. टोक काळंकुट्ट, एका बाजूने ओलं. मग भोकात बॅटरी मारली आणि मला बोलावलं. तळाशी काजळीने काळी झालेली एक गोल कडा दिसत होती. हेडचाच भाग वाटावा अशी. मामांनी सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून आकडा केला, तो आत घालून हलकेच खरवडला आणि काळ्याखाली तांबं चमकलं.

जुना वायसर. नोझल काढताना तो भोकातच चिकटून राहिला होता आणि त्याच्यावर नवा वायसर टाकून नोझल बसवलेला. एक वायसर जास्त, म्हणजे नोझल तेवढा वर. फवारा पिस्टनच्या खळग्यात जायचा तिथे जात नाही, डिझेल नीट मिसळत नाही, उशिरा आणि एकदम पेटतं. ठोका त्याचा. नोझल कितीही अदलाबदल केले तरी आवाज चारलाच राहणार होता, कारण वायसर भोकात होता. काढून, जागा साफ करून, एकच नवा वायसर टाकून बसवला. गाडी सुरू केली आणि ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरून हसायला लागला.

याच्या उलटही होतं. वायसर टाकायचाच राहतो किंवा जुनाच पुन्हा वापरतात. मग नोझलच्या बुडातून गॅस निसटतो, आयडलला फुस-फुस आवाज येतो आणि नोझलभोवती काळं ओलं कडं जमतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. पण ती थंडीत जास्त, इंजिन तापून धातू फुगला की कमी, आणि जोडावर काजळीची रेघ सापडते.

मामा निघताना मी त्या गॅरेजमधून आणलेला जुन्या भागांचा डबा उघडला. दोन डिझेल फिल्टर, एक ऑइल फिल्टर, रॉकर कव्हरचं पॅकिंग आणि तळाशी तांब्याचे वायसर. मोजले. पाच होते.