सॉनिकेटरवर प्रोजेक्ट घेताय?

बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात एमएस्सी करताना मी अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी) वापरून सिंथेसिस, म्हणजे नवी संयुगं बनवणं, हा विषय घेतला होता. आता ज्युनियर मंडळी विचारतात, म्हणून लिहिते.

यंत्राचं अप्रूप नको. काचसामान धुवायचा, साधारण 40 किलोहर्ट्झचा सॉनिकेटर बाथ, म्हणजे पाण्यात असा ध्वनी सोडणारी टाकी, पुरतो. ध्वनीमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे होतात, फुगतात आणि कोसळतात. कोसळताना तेवढ्याशा जागेत क्षणभर सुमारे 5000 केल्विन तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब तयार होतो. फ्लास्क मात्र कोमटच. म्हणून प्रत्येक रिअ‍ॅक्शन पळेल असं नाही. सगळं एकाच द्रवात विरघळलेलं असेल तर बरेचदा फारसा फरक पडत नाही. खरी मजा घन आणि द्रव एकत्र असतात तिथे: बुडबुडा फुटला की द्रवाची धार घनावर आदळते, ऑक्साइडचा थर निघतो, आणि हटून बसलेलं मॅग्नेशियमसुद्धा ग्रिन्यारला (कार्बनी हॅलाइडबरोबरच्या रिअ‍ॅक्शनला) तयार होतं. 1980 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ ल्यूश यांनी लिथियम घेऊन बार्बिए रिअ‍ॅक्शन (ग्रिन्यारसारखीच, पण सगळं एकाच भांड्यात) अशीच केली. विषय निवडताना हे आधी बघा.

बाथमधलं पाणी चालता चालता आपोआप तापतं. त्यामुळे त्याच तापमानाला नुसतं ढवळून केलेली रिअ‍ॅक्शन शेजारी हवीच. नाहीतर श्रेय आवाजाचं की उष्णतेचं, या व्हायव्हातल्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं. पाण्यात बर्फ घालत राहा. थंडीत बुडबुड्यात वाफ कमी शिरते आणि तो जोरात कोसळतो. ईथरची वाफ पटकन होते, म्हणून तो इथे कमी पडतो. बाथमध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल धरून बघा, जिथे भोकं पडतील तिथे फ्लास्क क्लॅम्प करा. जागा आणि पाण्याची पातळी वहीत लिहा, नाहीतर यील्ड रोज वेगळं येईल. प्रोब (थेट मिश्रणात बुडवायची कंप पावणारी दांडी) वापरलात तर कानाला मफ लावा. त्याचं टायटॅनियमचं टोकही झिजून मिश्रणात उतरतं.

आणि ते 'ग्रीन', म्हणजे पर्यावरणपूरक म्हणवण्याचं प्रकरण! रिअ‍ॅक्शनचे तास वाचवायचे आणि मग प्रॉडक्ट शुद्ध करायला कॉलमवर हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेट हे द्रावक लिटरने ओतायचं, याला काय अर्थ? प्रॉडक्ट पाणी-इथेनॉलमधून आपणहून खाली बसेल अशी रिअ‍ॅक्शन घ्या. अ‍ॅरोमॅटिक अल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइलची क्नोव्हेनागेल रिअ‍ॅक्शन (दोन्ही रेणू जोडून पाणी बाहेर टाकणारी) सुरुवातीला उत्तम: गाळा, धुवा, झालं.

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत इंटरव्ह्यूला जाणार असाल तर 'किलोवर कसं कराल?' याची तयारी ठेवा. मोठा बाथ हे उत्तर नव्हे, कारण ध्वनी फार लांब पोचत नाही. फ्लो सेल (मिश्रण ध्वनीच्या छोट्या कक्षातून वाहतं ठेवणं) आणि पंपाने अरुंद छिद्रातून द्रव ढकलून केलेलं कॅव्हिटेशन (तेच बुडबुडे होणं-कोसळणं), दोन्ही वाचून जा; दुसऱ्यावर मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित यांचं काम आहे.