ज्येष्ठांसाठी वेबसाइट करताना या चुका टाळा

फोंड्याजवळच्या एका देवस्थानासाठी मी अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासाच्या, खोल्या नोंदवायची वेबसाइट केली होती. शेजारच्या काकींच्या हातात फोन दिला. वय ७४, कदंबाच्या बसने एकट्या पणजीला जाऊन येणाऱ्या. दहा मिनिटांनी त्यांनी फोन परत केला. "मला कुठे कळतंय रे यातलं!" त्यांना सगळं कळत होतं. चुका माझ्या फॉर्ममध्ये होत्या.

पहिली चूक जन्मतारखेची. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडायचं. त्यांच्या जन्मवर्षापर्यंत मागे जायला बाण जवळजवळ नऊशे वेळा दाबावा लागला असता. दिवस, महिना, वर्ष असे तीन चौकोन द्या, अंक टाइप करू द्या. प्रश्न मिटतो.

नावाचा घोळ याहून खोल आहे, आणि गोव्यात तो हमखास भेटतो. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या जन्मनोंदी पोर्तुगीज काळातल्या. तिथे प्रभूंचं 'पोरोबो' होतं, कामतांचं 'कामोतीम'. आधारवर स्पेलिंग एक, जन्मदाखल्यावर दुसरं. फॉर्मने नाव, मधलं नाव, आडनाव असे सक्तीचे तीन तुकडे मागितले आणि जुळलं नाही म्हणून लाल रेघ मारली, की माणूस स्वतःच्याच नावापाशी अडतो. 'पूर्ण नाव' असा एकच मोठा चौकोन ठेवा. विशिष्ट कागदावरचंच स्पेलिंग हवं असेल, तर कोणत्या कागदावरचं, ते चौकोनाच्या वर आधीच लिहा.

वर म्हणजे वरच. चौकोनाच्या आत फिकट राखाडी अक्षरांत दिलेली सूचना टाइप करायला लागताच नाहीशी होते, आणि मग काय भरायचं होतं ते आठवत बसावं लागतं. शिवाय वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, प्रकाश कमी आत येतो. फिकट राखाडी तिथे पुसूनच जातो. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा.

देवनागरीचं वेगळं सांगायला हवं. इंग्रजीला १६ पिक्सेल चालतात म्हणून मराठीलाही तेच देऊ नका. बारीक फाँटमध्ये घ आणि ध, भ आणि म एकसारखे दिसतात, जोडाक्षरांचा तर गोळा होतो. मी आता १९-२० पिक्सेल आणि ओळींत ऐसपैस जागा ठेवतो. बोटांनी झूम करणं बंद करणारी ओळ कोडमध्ये असेल तर आजच काढा. मजकूर दुप्पट मोठा केल्यावरही पान मोडता कामा नये.

बटणं: त्याच सुलभता निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीत आकार किमान २४ पिक्सेल आहे, पण थरथरत्या बोटाला ४४ द्या. 'रद्द करा' हे 'पुढे जा'ला चिकटून नको.

ओटीपीचा त्रास मला सर्वांत उशिरा समजला. काकी मेसेज वाचायला गेल्या, परत आल्या तर फॉर्म कोरा. पावसाळ्यात वीज नि नेटवर्क गेलं तरी हेच. भरलेली माहिती आपोआप साठवा. पान वेळेने बंद होणार असेल तर आधी सांगा आणि एका टॅपमध्ये वेळ वाढवू द्या. चूक दाखवताना 'इनव्हॅलिड' नको. 'मोबाइल नंबरात १० अंक हवेत, तुमचे ९ आले आहेत' असं लिहा.

हे सगळं दुरुस्त करून मी पुन्हा काकींकडे गेलो. शेजारी बसलो, फोनला हात लावला नाही. ज्येष्ठांबरोबर तपासताना हाच नियम पाळा, नाहीतर आपलंच बोट मध्ये धावतं. त्या शेवटच्या बटणापर्यंत सहज पोचल्या आणि तिथे थांबल्या. "सबमिट म्हणजे पैसे जाणार का रे?" मी त्या बटणावर 'खोली नोंदवा' लिहिलं, आणि खाली 'देवस्थानात पोचल्यावर पैसे काउंटरवर द्या' ही ओळ घातली.