आरोग्यसेवेतून चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वीची तयारी

परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता किंवा डॉक्टर म्हणून काही वर्षे काम केल्यावर ज्यांना चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे वळावेसे वाटते, त्यांनी प्रवेश-अर्ज भरण्याआधी या बदलाचे कारण एका कागदावर लिहून काढावे. त्यातले ‘लोकांना मदत करायची आहे’ हे वाक्य लगेच खोडावे, कारण ती मदत आपण आजही करतच आहात. रात्रपाळी, वरिष्ठांचा जाच किंवा साचलेला थकवा यांतून सुटका हेच खरे कारण निघाले, तर विभाग बदलणे पुष्कळ स्वस्त पडते.

पुढे पाहायचे ते पदाचे आणि पात्रतेचे. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय पदवी घेतलेला असतो आणि औषधे देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मुलाखत व चाचण्यांच्या आधारे मूल्यमापन करतो आणि संवादाधारित उपचार करतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी साधारण ३ वर्षांची डॉक्टरेट आणि व्यावसायिक परिषदेकडे नोंदणी लागते, अमेरिकेत डॉक्टरेटसोबत सुमारे वर्षभराची इंटर्नशिप असते, तर भारतात नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. जुन्या अभ्यासक्रमात मानसशास्त्राचा एखादा पेपर होता, म्हणून मानसशास्त्राच्या मूळ पदवीची अट बहुतेक ठिकाणी सुटत नाही. हे नियम त्या-त्या संस्थेकडूनच तपासून घ्यावेत. सहकाऱ्याने सांगितलेला नियम बहुधा त्याच्या वेळचा असतो.

संख्याशास्त्राची उजळणी आधीच सुरू करावी. १९४९ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा असे ठरले आणि पुढे अनेक अभ्यासक्रमांनी तोच साचा स्वीकारला. त्यामुळे सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात), प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत), चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यावर तसाच निकाल येणे) आणि वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) या कल्पना निवडीच्या वेळीच विचारल्या जाऊ शकतात. वॉर्डमधल्या अनुभवाने ही उणीव भरून निघत नाही.

सर्वांत अधिक वेळ मात्र जुन्या सवयी मोडण्यासाठी राखून ठेवावा. रुग्ण रडू लागला की उशी सारखी करणे, पाणी पुढे करणे, ‘काही होत नाही, बरे वाटेल’ असे म्हणणे, हे वॉर्डमध्ये चांगल्या परिचारिकेचे लक्षण असते. उपचाराच्या खोलीत त्याच धीरामुळे समोरच्याचे अर्धे राहिलेले वाक्य अर्धेच राहू शकते. एखाद्या सहकाऱ्याच्या संमतीने २० मिनिटांचे संभाषण ध्वनिमुद्रित करावे आणि ऐकताना आपण किती वेळा सल्ला दिला, किती वेळा मध्येच बोललो आणि शांतता पसरल्यावर ती किती सेकंद टिकू दिली, हे मोजून लिहावे. पहिल्यांदा हे आकडे पाहून ओशाळल्यासारखे होते, पण महिन्याभराने पुन्हा मोजल्यावर सुधारणाही त्याच आकड्यांत दिसते.

आकड्यांशी असलेले आपले नातेही तपासावे. तापमान आणि रक्तदाब यांची नोंद करणाऱ्याला आकडा पाहून पुढे जाण्याची सवय असते. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण मिळतात आणि एकूण बेरीज २७ पर्यंत जाते. बेरीज अवघी ६ आली, पण मरण बरे वाटणे किंवा स्वतःला इजा करणे याविषयीच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज दुसरे उत्तर असेल, तर तिथेच थांबून विचारावे लागते. ‘म्हणजे नेमके काय मनात येते?’ हा प्रश्न डोळे न चुकवता विचारण्याचा सराव आधीच, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली करावा.

मात्र आपले भांडवल कमी लेखू नये. थायरॉइडची कमतरता नैराश्यासारखी भासू शकते, रक्तातील साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि घाम यांमुळे घबराटीचा झटका वाटू शकतो, स्टेरॉइडमुळे मनःस्थिती बदलू शकते, आणि वृद्धाचा एकाएकी झालेला गोंधळ संसर्गातूनही येऊ शकतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो अशा रुग्णाला वेळेवर वैद्यकीय तपासणीकडे पाठवतो. अर्जात आणि मुलाखतीत वर्षांची संख्या सांगण्यापेक्षा असा एखादा प्रसंग, रुग्णाची ओळख पूर्ण झाकून, सविस्तर मांडावा.

पैशांचा हिशेब शुल्कापुरता ठेवू नये. बुडणारा पगार आणि प्रशिक्षणाच्या काळातले तुटपुंजे विद्यावेतन हेही त्यात धरावे. घरच्यांशी वेळेविषयी बोलून घ्यावे. स्वतः समुपदेशनाचा अनुभव घ्यावा, असे माझे मत आहे. खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसल्याशिवाय तिथला संकोच कळत नाही. जुनी व्यावसायिक नोंदणी शक्यतो चालू ठेवावी, परंतु पूर्वी आपण ज्यांच्या जखमा बांधल्या त्यांना नव्या भूमिकेत उपचारासाठी घेण्याआधी आपल्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाशी चर्चा करावी आणि शंका उरलीच, तर त्यांना दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावे.